डावा जळगावचा, उजवा धुळ्याचा

...आणि वर मलाच विचारतात हो, "प्रेमराजभाऊ, तुमची गाडी डोळा का मारते?" आता काय सांगायचं? गाडी डोळा मारत नाही बाबांनो, तिचा एक डोळा पांढराफटक आहे आणि दुसरा... दुसरा कसा आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की स्वेटर काढावा लागतो! डावा दिवा जळगावचा, उजवा धुळ्याचा. समोरून येणाऱ्याला वाटतं, दोन मोटारसायकली गप्पा मारत शेजारी शेजारी येताहेत, चला, मधून निघून जाऊ! खोटं नाही सांगत, एरंडोलच्या अलीकडे एक जण खरंच निघाला होता मधून, ऐन वेळी त्याला माझं बॉनेट दिसलं, आणि मग त्यानं माझ्या सात पिढ्यांची नावं न विचारता आठवण काढली. आणि तुम्हाला सांगतो, मी काय मागितलं होतं? चंद्र मागितला होता? मला फक्त रस्ता दिसायला पाहिजे होता!

तर ऐका. मी जिनिंगमध्ये सुपरवायझर. म्हणजे कापूस येतो, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात, आणि या सगळ्यात शिव्या कोणी खायच्या, तर सुपरवायझरनं. राहायला धरणगावला, जिनिंग एरंडोल रोडला. सीझनमध्ये निघेपर्यंत अंधार पडतो. गाडी बारा वर्षांची, दिवेही बारा वर्षांचे, आणि ते इतके पिवळे की लावले आहेत की नाही हे बघायला मला खाली उतरावं लागायचं. तरी चालत होतं. आपल्याकडं काय, मोडेपर्यंत सगळं चालतंच. पण डिसेंबरातली एक संध्याकाळ, बायको शेजारी बसलेली, रत्ना, आणि समोर कापसाची ट्रॉली. आता ट्रॉली कशी भरतात ते तुम्हाला माहीत आहे, ट्रॅक्टर दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, नुसता कापूस दिसतो, आणि तोही दिवसा! मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, काही नाही. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली आणि वरून कापसाचा एक पुंजका अलगद आमच्या बॉनेटवर येऊन पडला. एवढंच अंतर!

रत्ना खाली उतरली, तो पुंजका उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला. मग म्हणाली, "तीन आठवड्यांवर पोरीचं लग्न आलंय. कन्यादानाला बसायचंय ना? मग बल्ब बदला. चांगले पांढरे, लख्ख. उद्याच नवलकडे जा."

नवलकडे जा! काय सोपं वाटतं ना ऐकायला? इथेच, इथेच माझा पाय अडकला. कारण नवल म्हणजे रत्नाचा सख्खा भाऊ, जळगावला गाड्या सजवायचं त्याचं दुकान आहे, सीट कव्हर, अत्तराच्या बाटल्या, मान हलवणारे कुत्रे, सगळं मिळतं. आणि तिकडं धुळ्याला माझी सख्खी मोठी बहीण, आमची अक्का, आणि तिचे यजमान हिलाल जिभाऊ, ते तीस वर्षं ट्रकचं वायरिंग करतात. सोनगीरच्या किल्ल्याखाली उभं राहून कुठलाही ट्रक थांबवा, ड्रायव्हर म्हणेल, वायरी जिभाऊंच्या हातच्या. आता मला सांगा, बल्ब कोणाकडून घ्यायचा? बायकोच्या भावाकडून की बहिणीच्या नवऱ्याकडून? आहे उत्तर? नाही ना? मलाही नाही सापडलं.

त्यात या दोघांचं अकरा वर्षं बोलणं नाही. का, तर टोपी! नवलच्या लग्नात मानाचे टॉवेल-टोपी वाटताना जिभाऊंना टॉवेल मिळाला, टोपी मिळाली नाही. टोप्या कमी पडल्या हो! एक कमी पडली, एकच! जिभाऊ पंगतीतून उठले, टॉवेल तसाच खांद्यावर, एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि पहिल्या गाडीनं धुळं. मी मागं पळतोय, "अहो जिभाऊ, जेवून तरी..." तर खिडकीतून म्हणतात, "जेवनवर टोपी घालू का?"

आणि आता माझ्या सारिकाचं लग्न. सोयरीक जुळवली जिभाऊंनी. मुलगा दीपनगरचा, स्वप्नील, गुणी पोरगा. वडील वीज केंद्रात चौतीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले, माणूस भला पण कडक, व्याह्यांशी जे बोलायचं ते जिभाऊंच्या तोंडून. म्हणजे फुवा, पोरीच्या आत्याचे यजमान, रुसले तर लग्न मोडतं. आणि मामा कोण? नवल! पोरीला हाताला धरून बोहल्यावर कोण आणणार, अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागं कोण उभं राहणार? मामा रुसला तर लग्न अडतं. फुवा रुसले तर मोडतं, मामा रुसला तर अडतं, आणि मधे कोण? मी आणि माझी बारा वर्षांची गाडी. मला फक्त रस्ता दिसायला पाहिजे होता हो!

गेलो जळगावला. बायकोचा शब्द. नवलनं चहा मागवला, काचेच्या कपाटातून डबे काढले आणि सुरू झाला, "दाजी, तुम्हाला पाच हजार देऊ का सहा हजार?" मी म्हटलं, बाबा रे, हजाराच्या आत काही बघ, लग्न आहे घरात. तर हसायलाच लागला. तो भाव नव्हता, तो म्हणे पांढरेपणा! जितके हजार जास्त तितका पांढरा! चार हजार म्हणजे दुधासारखा, पाच म्हणजे कागदासारखा, सहा म्हणजे... मी म्हटलं, सहा म्हणजे काय? तर म्हणतो, "सहा म्हणजे दाजी, एकदम क्रिस्टल! निळसर झाक मारतो. जळगावात सध्या हाच चालतो." अरे पण दिसतं का त्यात? "दाजी, दिसण्याचं काय घेऊन बसलात, गाडीचा लूक बघा!" आता मी काय गाडीच्या समोर उभं राहून गाडी चालवणार आहे का? मला आत बसायचंय! पण मेहुण्याला कोण बोलणार, आणि तेही लग्नाच्या तोंडावर?

डावा बल्ब बसवला, उजव्याला हात घालणार, तेवढ्यात फोन. अक्का! रत्नानं मोठ्या कौतुकानं तिला कळवलं होतं, आमचे हे नवलकडे गेलेत बल्ब टाकायला. झालं! "भाऊ, तू जयगावले गया म्हने?" मी म्हटलं, नाही गं अक्का, असाच आपला सहज... "सहज? तुना जिभाऊ तीस वरीसथीन वायरिंग करी ऱ्हायनात, आनि ज्यासनी टोपी दिन्ही नही त्यासना दुकानमा तू बल्ब टाकस? आठे हाई जेवाले बसेल शेतस, ताटले हात लावतस नही!" म्हणजे जिभाऊ ताटावर रुसून बसलेले! आणि मागून त्यांचाच आवाज, मुद्दाम मला ऐकू येईल असा, "ऱ्हाऊ दे. बठ्ठा उजेड त्यासले दी टाक. माले अंधारमा ऱ्हाऊ दे."

सगळा उजेड नवलला, अंधार जिभाऊंना! मी नवलला म्हटलं, थांब! एकच पुरे! तो म्हणतो, "दाजी, बल्ब जोडीनंच बदलतात हो, एक कसा?" मी म्हटलं, ते... रत्नाला आधी रंग दाखवतो. आता बोला! बल्बचा रंग दाखवायला गाडी घेऊन निघालो, जसा काही ब्लाउजपीस आणलाय पसंतीला. नवल बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि धुळं गाठलं. जिभाऊ बाहेर आले. डाव्या दिव्याभोवती तीन चकरा मारल्या, वाकले, बोटानं टिचकी मारली. "हाऊ काय शे?" मी म्हटलं, बल्ब, जिभाऊ. "हाऊ बल्ब शे? माले वाटनं ट्यूबलाइटनं पिल्लू शे." गॅरेजमधले चार ट्रकवाले हसले, मीही हसलो, करतो काय! मग जिभाऊंनी बाह्या सरसावल्या, "प्रेमराज, उजेड काय डबीमा भेटस का? उजेड वायरमा ऱ्हास!" आणि तुम्हाला सांगतो, बल्ब टाकायला पाच मिनिटं लागतात ना, जिभाऊंना चार तास लागले. ट्रकच्या जाडीची वायर टाकली, बॅटरीपासून वेगळी लाइन ओढली, मधे रिले बसवला, आणि त्यावर शंभर वॅटचा असा बल्ब की लावल्याबरोबर समोरच्या भिंतीवरची पाल निघून गेली. "आते देख! आठेथीन सोनगीर दिसी!" मी बघितलं. सोनगीर नाही दिसलं, डोळ्यांपुढं नुसते हिरवे ठिपके, पण म्हटलं, दिसलं जिभाऊ, किल्लासुद्धा दिसला.

इथं थांबले असते तर? पण नाही. पक्कड घेऊन डाव्याकडं वळले, "आते हाऊ काढी टाकू." डावा काढला तर नवल गेला, नवल गेला तर मामा गेला! आणि त्या क्षणी मला अक्कल सुचली. अक्कल कसली, दुर्बुद्धी! मी म्हटलं, "जिभाऊ, राहू द्या तो. तुलनेला राहू द्या. एका बाजूला तो, एका बाजूला तुमचा. बघणाऱ्याला आपोआप कळेल, खरा उजेड कोणाचा." जिभाऊंचा चेहरा असा फुलला म्हणता! "हाई बात शे! बठ्ठासले देखाडजो!"

आणि चार दिवसांनी नवल घरी आला पत्रिका न्यायला, त्यानं उजवा दिवा बघितला, त्याचं तोंड पडलं, तर मी त्यालाही तेच! "अरे, तुलनेला ठेवलाय. तुझा किती स्वच्छ दिसतो बघ त्याच्याशेजारी." तोही खूश! रात्री मी रत्नाला म्हटलं, तुझा नवरा राजकारणात पाहिजे होता. ती म्हणाली, "झोपा." बायकांना आधी कळतं हो, आपल्याला उशिरा कळतं.

बरं, रस्ता दिसत होता का? छे! डावीकडं पांढरं पांढरं, पण उजेड गाडीच्या दोन हातांपुढं जात नाही. उजवा सरळ झाडाच्या शेंड्यावर. मधला रस्ता होता तसाच काळा. मला रोज कडेची झाडं दिसायची, झाडावरचे बगळे दिसायचे, आणि मला फक्त रस्ता दिसायला पाहिजे होता!

आली हळद. दारात मांडव, दीपनगरहून वऱ्हाडाची बस, व्याही, विहीणबाई, नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका, सगळे उतरले, आणि... गेली लाइट! अख्ख्या गल्लीची! जनरेटरवाला म्हणे वाटेत आहे. वाटेत म्हणजे कुठं ते देवालाही सांगता येणार नाही. व्याही बिचारे ओशाळले, "आमच्याकडनं बरोबर निघते हो, मधेच कुठंतरी अडते." आणि तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी शहाणा ओरडला, "अरे, प्रेमराजभाऊंची गाडी लावा ना मांडवाच्या तोंडाशी!"

मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. रत्नानं माझ्याच खिशात हात घालून काढून दिली. बसलो गाडीत. काय करतो? लावले दिवे. आणि मांडवाचे दोन मांडव झाले! डावीकडचे पाहुणे सगळे निळसर, जणू थंडीनं गारठलेत, उजवीकडचे डोळ्यांवर हात धरून उभे. आणि दोन आवाज एकदम आले, माझ्या डाव्या खिडकीशी नवल, "बघितलं ना दाजी, आपला कसा पडलाय!" उजव्या खिडकीशी जिभाऊ, "देख प्रेमराज, आपला कशा पडी ऱ्हायना!"

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. "दाजी, तुलनेला त्यांचा ठेवलाय म्हणाला होतात ना?" "प्रेमराज, तुलनाले त्यासना ठेवेल शे ना?" एकमेकांशी बोलायचं नाही, सगळं माझ्या नाकावरून! "दाजी, त्यांना सांगा, असला बल्ब ट्रकला लावतात." "प्रेमराज, त्याले सांग, असा बल्ब फ्रीजमा लावतस." डाव्या दाराशी एक, उजव्या दाराशी एक, समोर मांडव, मागं वऱ्हाडाची बस! पळायचं कुठून? आणि जिभाऊंनी गाडीच्या टपावर थाप मारली, "तू सांग! आते, आठेच! डावा का उजवा?"

तुम्हाला सांगतो, मी उगाच आरसा पुसायला लागलो. डावा म्हटलं तर लग्न मोडतं, उजवा म्हटलं तर अडतं. तेवढ्यात व्याही पुढं आले. "मी सांगू का? चौतीस वर्षं उजेडाचंच काम केलंय." मला वाटलं, देवच धावला! दोघंही म्हणाले, सांगा, तुमचा शब्द प्रमाण. व्याह्यांनी हात मागं बांधले, डावा बघितला, उजवा बघितला, दहा पावलं मागं गेले, परत आले, आणि म्हणाले, "दोन्ही बेकार."

दोन्ही बेकार! "हा नुसता दिसायला छान. आणि हा समोरच्याला आंधळा करतो. असले दिवे माणूस गाडीला लावतो?" आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा, पहिल्यांदा हो, जिभाऊंनी माझ्या डोक्यावरून पलीकडं बघितलं. "नवल, आयकं का?" "ऐकलं जिभाऊ." "आपला बल्बले बेकार म्हने!" आपला! अकरा वर्षांची टोपी एका क्षणात खाली पडली! मला असा आनंद झाला... अर्धा सेकंद. कारण दोघंही बाह्या सरसावून व्याह्यांच्या अंगावर निघाले होते. मामा आणि मध्यस्थ एकीकडं, व्याही एकटे दुसरीकडं! "आमच्या घरी येऊन आमच्या मालाला नावं ठेवता?" व्याह्यांचा चेहरा लाल, विहीणबाईंना म्हणतात, "पिशव्या उचला." पिशव्या उचला! हळदीचं ताट हातातच राहिलं होतं हो बायकांच्या. मी स्टिअरिंगला धरून बसलेलो, आणि मनात एकच, माझ्या पोरीचं लग्न दोन बल्बांपायी मोडतंय. लाज कसली, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणि दिव्यांच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली कोण? सारिका. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, अर्धी हळद लागलेली. कमरेवर हात. "मामा! फुवा! पप्पा! आधी ते दिवे बंद करा. तोंडाला हळद लागलीय का चुना, तेच कळत नाहीये! स्वप्नीलला आता व्हिडिओ कॉल केला तर तो म्हणतो, सारिकाला दे ना फोन!"

पहिल्यांदा विहीणबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून अक्का हसली, मग रत्ना, मग बायकांचा अख्खा घोळका, आणि शेवटी व्याही, तेही कसे, पोट धरून! मी पटकन दिवे विझवले. बायकांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि त्या उजेडात हळद लागली पोरीला, पिवळीधमक, जशी लागावी तशी. मी गाडीतच बसून राहिलो, अंधारात. बाप रडतोय हे कोणाला दिसलं नाही ते बरं झालं.

लग्न झालं हो, झोकात झालं! मामा मागं उभा राहिला, आणि नवलनं स्वतःच्या हातानं जिभाऊंच्या डोक्यावर टोपी ठेवली, दोघं गळ्यात गळा घालून जेवायला बसले. आता रोज फोन असतो त्यांचा एकमेकांना. मला वाटलं, सुटलो!

सुटलो? सारिका पहिल्यांदा माहेरी आली, जावई सोबत, आणि जावयांच्या हातात खोका. "आमच्या पप्पांनी बल्ब पाठवलेत. जोडी आहे." वर व्याह्यांचा फोन, "चौतीस वर्षं सगळ्या महाराष्ट्राला उजेड पाठवला, आणि आमच्या व्याह्यांनी असल्या दिव्यांवर फिरायचं? येत्या रविवारी दीपनगरला या, मी बघणार आहे!" आता व्याह्यांना नाही कसं म्हणणार, पोर त्यांच्या घरात आहे माझी! आणि हे तिकडं कळलं कसं देव जाणे, संध्याकाळी नवल आणि जिभाऊ दोघं एकाच फोनवर, एका सुरात, "आमचे काढले तर बघा!" आता तुम्हीच सांगा, गाडीला दिवे दोन आणि नातेवाईक तीन, हे गणित कोणी सोडवायचं? मला फक्त रस्ता दिसायला...

जाऊ द्या. मालकाच्या हातापाया पडून सकाळची पाळी मागून घेतली. खोका डिकीत आहे, डावा जागेवर, उजवा जागेवर, आणि कोणाचाच दिवा मी लावत नाही. पाचच्या ठोक्याला निघतो, दिवस मावळायच्या आत दारात! दीपनगरलासुद्धा सकाळी जातो आणि दुपारी जेवून परत. रस्ता काय स्वच्छ दिसतो म्हणता, खड्डान् खड्डा मोजून घ्या! कारण एक सांगतो तुम्हाला, सूर्यासारखा दिवा नाही. लख्ख आहे, पांढरा आहे... आणि मुख्य म्हणजे, तो कोणाच्याच नात्यातला नाही!